पुढाऱ्याचा जीवनपट कसा लिहावा: यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण घेऊन

यशवंतराव चव्हाणांची जयंती १२ मार्चला आणि पुण्यतिथी २५ नोव्हेंबरला. या तारखा जवळ आल्या की शाळा, वाचनालयं, पतसंस्था, साखर कारखाने स्मरणिका काढतात, फलक लावतात, आणि त्यात दोन-तीन हजार शब्दांचा जीवनपट हमखास असतो. तो बहुधा आधीच्या कुठल्या तरी स्मरणिकेवरून उतरवलेला असतो, त्यामुळे मजकुराबरोबर चुकाही उतरतात. असा जीवनपट पायापासून नव्यानं कसा उभा करायचा, त्याची ही रीत. उदाहरणाला यशवंतराव घेतले, कारण राजकीय चरित्र लिहिणाऱ्याला अडवणाऱ्या बहुतेक सगळ्या अडचणी त्यांच्या आयुष्यात सापडतात. जिल्ह्याचं नाव बदललं, राज्य बदललं, पक्षाच्या नावापुढची अक्षरं बदलत राहिली, आणि ज्या काळावरून लोक अजून हमरीतुमरीवर येतात त्याच काळात ते खुर्चीवर होते. वसंतदादांवर लिहा नाहीतर गोव्याच्या भाऊसाहेब बांदोडकरांवर, काम याच क्रमानं करायचं.

आधी सनावळी

लेखनाला हात घालण्याआधी तक्ता करा. वहीत करा किंवा संगणकावर, पण रकाने सहा हवेत: तारीख, घटना, ठिकाण (त्या वेळच्या नावानं), पद आणि पक्ष, आधार, आणि शेवटचा ‘पक्कं की कच्चं’. तीन हजार शब्दांच्या जीवनपटाला साठ ते ऐंशी ओळींचा तक्ता पुरतो. चाळिशीच्या आत थांबलात तर मधली भगदाडं विशेषणांनी बुजवावी लागतात. ‘द्रष्टे’, ‘अष्टपैलू’, ‘बेरजेचं राजकारण करणारे’ हे शब्द जिथे गर्दी करतात, तिथे लिहिणाऱ्याकडे तारखा नव्हत्या असं खुशाल समजावं.

संगणकावर एक्सेल वापरत असाल तर तारखेचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. रकाना तारखेचा ठेवून नुसतं १९३८ टाईप केलं तर एक्सेल तो आकडा दिवसांची मोजणी समजून १९०५ सालची एखादी तारीख दाखवतं. १९०० च्या आधीच्या तारखा तर त्याला कळतच नाहीत, म्हणजे टिळक-गोखल्यांच्या पिढीवर लिहिणाऱ्याची पंचाईतच. फक्त वर्ष माहीत असेल तर वर्षच लिहा. महिना माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकायची नाही. पुढचा माणूस ती खरी तारीख समजून छापतो.

पहिल्यांदा फक्त पदं भरा. यशवंतरावांचा सांगाडा असा दिसतो: १९४६ मध्ये मुंबई विधानसभेवर निवड आणि संसदीय चिटणीसपद, १९५२ मध्ये मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात मंत्री, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक (मराठी आणि गुजराती भाषकांच्या एकत्र) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे, नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री, नोव्हेंबर १९६६ मध्ये गृहमंत्री, जून १९७० मध्ये अर्थमंत्री, ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री, १९७७ च्या पराभवानंतर लोकसभेत विरोधी पक्षनेते, जुलै १९७९ मध्ये उपपंतप्रधान आणि गृहमंत्री, १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. हा सांगाडा तासाभरात होतो. मांस भरायला महिना लागतो.

एका घटनेला दोन-तीन तारखा असतात हे ध्यानात ठेवा. विधिमंडळ पक्षाचा नेता निवडला गेला तो दिवस एक, शपथविधीचा दुसरा, खातेवाटपाचा कधी कधी तिसराच. प्रत्येकाला वेगळी ओळ द्या. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की एक चूक असं धरून चालू नका. दोघं वेगवेगळ्या घटनेची तारीख देत असतात.

जन्मगावापासून घोळ

यशवंतरावांचा जन्म सातारा जिल्ह्यातला की सांगली जिल्ह्यातला? दोन्ही छापलेलं सापडतं आणि दोन्ही बरोबर आहे. देवराष्ट्रे हे गाव १९१३ साली सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, आणि आज देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात आहे. म्हणून लिहायचं ते असं: ‘देवराष्ट्रे (तेव्हा सातारा जिल्हा, आज सांगली जिल्हा) येथे १२ मार्च १९१३ रोजी जन्म’. एवढ्या कंसानं दोन जिल्ह्यांतलं भांडण मिटतं.

दुसरी गोष्ट, देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. घराणं विट्याचं, आणि वडील लवकर गेल्यावर वाढणं आणि शाळा कराडची. तिन्ही गावं त्यांना आपलं म्हणतात आणि तिन्ही गावांच्या स्मरणिका उरलेल्या दोघांना अर्ध्या ओळीत उरकतात. तक्त्यात ‘जन्म’, ‘मूळ गाव’ आणि ‘शिक्षण’ अशा तीन ओळी ठेवल्या की हा मोह आपोआप आवरतो. आई विठाबाईंनी हलाखीत मुलं वाढवली, हे सगळेच लिहितात. ते लिहावंच, पण पुढे घरात कोण काय करत होतं, कोणत्या भावाच्या पगारावर शिक्षण झालं, हेही शोधा. गरिबीचं वर्णन आणि गरिबीचा हिशेब यांत फरक आहे.

वयाचा आकडा स्वतः वजाबाकी करून काढा. २६ जानेवारी १९३२ ला कराडात तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना अठरावं पूर्ण होऊन एकोणिसावं चालू होतं. स्मरणिकांत ‘सोळाव्या वर्षी तुरुंगात’ छापून येतं, कारण सोळा ऐकायला बरं वाटतं.

कोणता आधार कशासाठी

सगळे आधार सगळ्या कामाचे नसतात. पदं आणि शपथा यांसाठी शासकीय राजपत्र आणि सभागृहाची कार्यवाही. लोकसभेच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. मुंबईच्या जुन्या सरकारी कागदांसाठी पुराभिलेख संचालनालय आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे जाताना विषय नको, खात्याचं नाव आणि साल घेऊन जा. ‘यशवंतरावांवरचं काही दाखवा’ म्हटलं तर कुणी काही दाखवू शकत नाही. ‘नागरी पुरवठा, १९५२’ म्हटलं की सूची निघते.

निवडणुकांसाठी निवडणूक आयोगाचे अहवाल १९५१-५२ पासूनचे आहेत. आयोगच १९५० मध्ये स्थापन झाला, तेव्हा १९४६ ची निवडणूक त्यात शोधू नका. ती राजपत्रात आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांत पाहावी. आणखी एक खड्डा इथेच आहे. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. तिथे एका मतदाराला दोन मतं, त्यामुळे एकूण मतांचा आकडा मतदारांपेक्षा मोठा दिसतो. १९५७ ची मतं १९६२ च्या मतांशी भिडवण्याआधी मतदारसंघ एक सदस्याचा होता का ते पाहा. ही पद्धत १९६१ मध्ये बंद झाली. मतदारसंघाचं नाव तेच राहून हद्द बदलते, हेही दर वेळी तपासायचं.

बालपण आणि चळवळीच्या काळासाठी त्यांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ आहेच. ते १९८४ मध्ये आलं, म्हणजे बऱ्याच घटनांनंतर पन्नास वर्षांनी. माणसं, वातावरण, मनातली उलाघाल यासाठी ते घ्यावं. तारखा मात्र दुसरीकडे पडताळाव्या. आणि ते १९४६ ला थांबतं. ‘सागरकाठ’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढचे दोन भाग लिहायचं त्यांच्या मनात होतं, ते झाले नाहीत. याचा परिणाम असा की मुंबई आणि दिल्लीच्या वर्षांसाठी त्यांची स्वतःची सलग कैफियत नाही. बहुतेक जीवनपट १९४६ पर्यंत रसरशीत आणि नंतर एकदम कोरडे होतात ते यामुळेच. ती उणीव भाषणांनी, पत्रांनी आणि सभागृहातल्या उत्तरांनी भरून काढायची असते.

वर्तमानपत्रातून तारीख घेताना एक दिवस मागे जायला विसरू नका: दोन तारखेच्या अंकात ‘काल’ म्हणजे एक. साप्ताहिकात ‘गेल्या मंगळवारी’ असेल तर कॅलेंडर काढून बसा. आणि जे वर्तमानपत्र तेव्हा निघतच नव्हतं त्याच्यात शोधण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्र टाइम्स १९६२ मध्ये सुरू झाला. अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावरच्या १९५५ च्या गोळीबाराची बातमी त्यात नाही; त्या वेळचे अत्रे ‘नवयुग’मध्ये. एका घटनेसाठी सरकारच्या बाजूचं एक आणि विरोधातलं एक, अशी निदान दोन वर्तमानपत्रं वाचायची. ‘मराठा’ न वाचता यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाबद्दल लिहिणं म्हणजे फिर्यादीचं न ऐकता निकाल देणं.

जुन्या माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर ‘ते कसे होते?’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. उत्तर एकच येतं: फार मोठा माणूस. कोणती सभा, कोणत्या मैदानात, खुर्च्या होत्या की सतरंजी, कोण अध्यक्ष, भाषणाआधी कोण बोललं, हे विचारा. साल आठवत नसेल तर साल विचारून काही साधत नाही. खुणेच्या घटना द्या: पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७)? बहात्तरचा दुष्काळ? या खुणांवर माणसं वर्ष अचूक लावतात. पाऊण तासाच्या वर मुलाखत ताणू नये. नंतर सांगणारा आपल्याला हवं ते सांगू लागतो. ऐकीव गोष्ट तक्त्यात ‘कच्चं’ म्हणूनच राहू द्या, दुसरा आधार मिळेपर्यंत.

१९५६ ते १९६०: इथे लेख तरतो किंवा बुडतो

यशवंतरावांचा कोणताही जीवनपट हातात आला की आधी ही चार वर्षं वाचावीत. लिहिणाऱ्यानं किती मेहनत केली ते इथे कळतं. नेहमी दिसणारं वाक्य असं असतं:

‘१९५६ साली यशवंतरावांनी महाराष्ट्राची धुरा हाती घेतली आणि आपल्या मुत्सद्देगिरीनं संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आणला.’

यात तीन चुका आहेत. १९५६ साली महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. चळवळीचं नाव नाही, जणू राज्य एका माणसाच्या चातुर्यानं मिळालं. आणि त्या चार वर्षांत त्यांना काय मोजावं लागलं हे गायब, त्यामुळे मुत्सद्देगिरी कशात होती तेही कळत नाही. आता तक्त्यातल्या ओळी एकापाठोपाठ लावून तेच लिहा:

‘१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. गुजरात आधीपासून होताच, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ त्यात आले. बेळगाव-कारवार बाहेर राहिले. नेतेपदाच्या लढतीत भाऊसाहेब हिऱ्यांना मागे टाकून त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले. पाचच महिन्यांत निवडणूक झाली आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. ३९६ पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेस टिकली ती गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर. खुद्द यशवंतरावांनी कराडची जागा थोडक्यात राखली. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीनं प्रचंड निदर्शनं केली. द्वैभाषिक चालत नाही, हे काँग्रेसच्या श्रेष्ठींनी मान्य करेपर्यंत १९५९ उजाडलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. डांग गुजरातकडे गेला, बेळगावचा प्रश्न तसाच राहिला.’

दुसऱ्या उताऱ्यात एकही कौतुकाचं विशेषण नाही, तरी माणूस पहिल्यापेक्षा मोठा दिसतो. द्वैभाषिक चालवून दाखवतो म्हणून खुर्चीवर बसलेला मुख्यमंत्रीच पुढे ते मोडावं लागेल हे दिल्लीच्या गळी उतरवतो, ही त्या चार वर्षांची खरी गोष्ट. ती सांगायला चळवळही लागते आणि यशवंतरावही लागतात. एकाला वगळून लिहिलेला मजकूर सभेत टाळ्या घेतो, टिकत नाही.

इथले तीन बारीक काटे. एक, २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि जानेवारी १९५६ चे गोळीबार मोरारजींच्या मुख्यमंत्रिपदाखालचे. यशवंतराव मुख्यमंत्री नव्हते, पण त्या मंत्रिमंडळात होते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात यायला हव्यात. दोन, हुतात्म्यांचा आकडा १०५, १०६, १०७ असा तिन्ही प्रकारे छापला जातो. कोणती यादी धरली ते तिथेच लिहा आणि पूर्ण लेखात तोच आकडा ठेवा. तीन, संयुक्त महाराष्ट्र मोठा की नेहरू मोठे, या त्यांच्या नावावरच्या वाक्याला शब्दांचे कितीतरी अवतार आहेत. ते वापरायचं असेल तर त्या काळच्या वर्तमानपत्रातून, पुढच्या-मागच्या दोन वाक्यांसकट घ्या. नंतरच्या गौरवग्रंथातून किंवा टीकालेखातून उचललं तर अवतरणचिन्हं काढून टाका.

श्रेय देताना तारीख पाहा

मुख्यमंत्र्याच्या नावावर त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम चिकटतं. सहकारी साखर कारखानदारी यशवंतरावांच्या काळात फोफावली, पण प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्याआधीच उभा केला होता. कोयनेचं काम ते मुख्यमंत्री होण्याआधी सुरू झालं होतं. राजभाषेचा कायदा १९६४ चा, म्हणजे वसंतराव नाइकांच्या कारकिर्दीतला. रोजगार हमी योजनाही नंतरची, तिच्यामागे वि. स. पागे. ही सगळी कामं एका परिच्छेदात यशवंतरावांच्या नावावर घातली की जाणकार वाचक तिथेच लेख मिटतो.

कोणत्याही निर्णयाच्या निदान चार तारखा तक्त्यात असाव्यात: समिती नेमली, अहवाल आला, कायदा झाला, अंमल सुरू झाला. जिल्हा परिषदांचंच घ्या. बळवंतराय मेहता समितीचा अहवाल केंद्रात १९५७ मध्ये आला. महाराष्ट्रात वसंतराव नाइकांच्या अध्यक्षतेखाली समिती १९६० मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल १९६१ मध्ये आला, त्याच वर्षी महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. एवढं लिहिलं की काय केंद्राचं, काय नाइकांचं आणि काय यशवंतरावांचं, हे वाचक स्वतः वेगळं करू शकतो. यशवंतरावांचा वाटा यात मोठाच आहे. तालुक्याच्या पुढाऱ्याच्या हातात शाळा, रस्ते, दवाखाने देणं म्हणजे मंत्रालयाच्या, तेव्हाच्या सचिवालयाच्या, हातातून ते काढणं. आमदारांना ते रुचणारं नव्हतं. आणि याच रचनेतून पुढची दोन पिढ्यांची काँग्रेस उभी राहिली. कमाल जमीनधारणेचा कायदाही १९६१ चाच. औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ चं. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं, म्हणजे ते दिल्लीला निघण्याच्या अगदी तोंडावरचं. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. हा आकडा १९५७ च्या आकड्याशेजारी ठेवा, भाष्य करायची गरज पडत नाही.

दिल्लीची वर्षं उरकू नका

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं. ठेवा, पण शेजारी तारीख ठेवा. चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली २०-२१ नोव्हेंबर १९६२ च्या सुमारास; यशवंतरावांची शपथ २१ नोव्हेंबरची. बासष्टचं युद्ध त्यांनी लढवलं नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते हरलेलं सैन्य पुन्हा उभं करणं, आणि ते काम कमी प्रतीचं नव्हे. पराभवाच्या लष्करी चौकशीबद्दलचं निवेदन त्यांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत केलं. ते मूळातून वाचा. सेनापतींना तोंडघशी न पाडता चुका कशा कबूल करायच्या, याचा तो धडा आहे. पुढे १ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. तीन वर्षांपूर्वी लढाईत हवाई दल उतरवलंच नव्हतं, हे आधीच्या परिच्छेदात आलेलं असेल तर या काही मिनिटांचं वजन कळतं.

लोकसभेत ते आले नाशिकच्या पोटनिवडणुकीतून, बिनविरोध. १९६७ पासून साताऱ्याचे खासदार. ‘कायम साताऱ्यातून निवडून आले’ हे म्हणून चूक.

खात्यांच्या अदलाबदलीत अशीच गफलत होते. बँकांचं राष्ट्रीयीकरण जुलै १९६९ चं. तेव्हा ते गृहमंत्री होते, अर्थमंत्री नव्हते. अर्थमंत्री असताना झालं ते १९७२ चं सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण. संस्थानिकांच्या तनख्यांची बोलणी त्यांनी गृहमंत्री म्हणून केली, पण तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती १९७१ ची, तोवर खातं बदललेलं. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते. ही ओळ गौरवलेखांतून गळते आणि टीकालेखांत तेवढीच उरते. मंत्रिमंडळाला २६ जूनच्या सकाळी सांगण्यात आलं आणि त्यांनी राजीनामा दिला नाही, एवढं सरळ लिहावं.

पक्षांची अक्षरं

१९६९ नंतर ‘काँग्रेस’ एवढं लिहून चालत नाही. १९६९ च्या फुटीत राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी काँग्रेस संसदीय मंडळात संजीव रेड्डींना मत दिलं होतं, तरी पुढे राहिले इंदिरा गांधींबरोबर. १९७८ च्या फुटीत इंदिरा गांधींच्या विरोधातल्या काँग्रेसमध्ये गेले. ती आधी (ब्रह्मानंद) रेड्डी काँग्रेस, मग स्वर्णसिंग काँग्रेस, मग (देवराज) अर्स काँग्रेस. अध्यक्ष बदलला की अक्षर बदललं. १९८० मध्ये साताऱ्यातून अर्स काँग्रेसकडून निवडून आले आणि नंतर इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. तक्त्यात पक्षाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला त्या दिवशीचं अक्षर लिहा. नंतर आठवून भरायचं ठरवलं तर घोळ होणारच.

विरोधी पक्षनेतेपदही दोन तुकड्यांत आहे: १९७७ ते एप्रिल १९७८, आणि मग जुलै १९७९ मधले जेमतेम तीन आठवडे. मधल्या काळात ते पद सी. एम. स्टीफन यांच्याकडे होतं. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव आणला, सरकार गेलं, राष्ट्रपतींनी सरकार बनवता येतं का ते पाहायला आधी यशवंतरावांनाच बोलावलं, ते जमलं नाही, आणि २८ जुलैला ते चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. हे सरकार लोकसभेला एकदाही सामोरं गेलं नाही. जीवनपटांत या महिन्याला एक वाक्य मिळतं, ‘ते उपपंतप्रधानही झाले’. किमान दीडशे शब्द द्या. पंतप्रधानपदाच्या सगळ्यात जवळ ते याच दिवसांत आले होते.

शब्दांची वाटणी आणि छपाईआधी

तीन हजार शब्द असतील तर वाटणी साधारण अशी करा: जन्म ते १९३० तीनशे, चळवळ आणि तुरुंग पाचशे, १९४६ ते १९५६ तीनशे, मुख्यमंत्रिपद नऊशे, दिल्ली आठशे, उरलेले शेवटच्या चार वर्षांना. गावोगावच्या लेखांत हे उलटं असतं, निम्मा लेख बालपण आणि बेचाळीस. वेणूताईंना लग्नाच्या ओळीत (२ जून १९४२) आणून सोडून देऊ नका. लग्नानंतर दोन महिन्यांत नवरा भूमिगत झाला. त्या काळात सासरची माणसं काय सोसत होती हे ‘कृष्णाकाठ’मध्ये आहे. १ जून १९८३ ला त्या गेल्या, त्यानंतर दीड वर्षातच, २५ नोव्हेंबर १९८४ ला, दिल्लीत यशवंतरावही. अंत्यसंस्कार कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर.

फोटोखाली ‘मान्यवरांसोबत’ लिहायचं नाही. डावीकडून नावं, जागा, तारीख. नाव कळत नसेल तर ‘डावीकडून तिसरे यशवंतराव’ एवढंच. टोप्या सगळ्यांच्या सारख्याच असल्यानं पाठमोरा किंवा अर्धवट चेहरा अंदाजानं ओळखू नका. १ मे १९६० च्या समारंभाचा म्हणून दिला जाणारा प्रत्येक फोटो त्या दिवसाचा नसतो. नेहरूंच्या कपड्यांवरून नव्हे, मागच्या फलकावरून तारीख लावा.

मुद्रित दोन जणांनी तपासावं, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं तक्त्यावर बोट ठेवून ऐकायचं. मराठी अंकांत १ आणि ९, ५ आणि ६ छपाईत फसवतात. १९६१ चं १९६९ होतं आणि जिल्हा परिषदा आठ वर्षांनी पुढे जातात. ‘कच्चं’ शेरा राहिलेली प्रत्येक ओळ एक तर पक्की करा, नाहीतर लेखातून काढा. तक्त्याची एक प्रत स्मरणिकेबरोबर गावच्या वाचनालयात ठेवा, आधाराच्या रकान्यासकट, म्हणजे पुढच्या वर्षीच्या संपादकाला स्मरणिकेवरून नाही, तक्त्यावरून लिहिता येईल.